पाहुण्याचा न्याय

मिहीरला लागलेला हात कोणाचा, हे ठरवायला दोन देशांना चौदा महिने लागले. ज्या एका गोष्टीवर ते ठरायचं होतं, ती सगळा वेळ माझ्यापाशी होती. मी ती बोलले नाही. पुढे बोलले, लिहूनही दिली. पण वेळेवर बोललेलं आणि उशिरा बोललेलं यांत फार अंतर पडतं. ते किती पडलं, तेवढंच मला सांगायचं आहे.

मिहीर माझ्या धाकट्या दिराचा मुलगा. माझा नवरा काविळीने गेला, दीर समुद्रात गेला. मागे राहिलो मी, माझी जाऊ हर्षदा आणि सात वर्षांचा मिहीर. मला मूल नाही. आम्ही दोघींनी एकाच चुलीवर त्याला वाढवला. तो मला काकी म्हणे आणि तिला आई, पण जेवणाचं ताट कोणाकडे मागायचं याचा त्याला कधी विचार करावा लागला नाही.

आमच्या वेळकोंड गावाच्या सड्यावर, डोंगरमाथ्याच्या कातळावर, मित्रदेशाच्या सैन्याचा तळ आला तेव्हा मिहीर पंधरा वर्षांचा होता. समुद्रातल्या जहाजांच्या वाटेवर नजर ठेवायला दोन देशांनी करार केला आणि आमच्या डोंगरावर कुंपण पडलं. गावाने त्या सैनिकांना नाव ठेवलं, पाहुणे. पहिल्या वर्षी त्यात कौतुक होतं, दुसऱ्या वर्षी टोमणा आला. दुसऱ्या वर्षी त्यांच्या जीपने मेस्तांच्या सुनेला उडवलं.

मी तिथे होते. जीप एकटी होती, भरधाव होती, आणि आत गाणी चालू होती. तसं मी पोलिसांना सांगितलं आणि त्यांनी लिहिलेल्या कागदावर अंगठा दिला. चार दिवसांनी तो चालवणारा विमानाने आपल्या देशात गेला. कारण करारात असं होतं, की पाहुण्याने कामावर असताना गुन्हा केला तर त्याचा न्याय त्याच्या देशात. कामावर नसताना केला तर आपल्या कोर्टात. आणि तो कामावर होता की नव्हता, हे कोण सांगणार? तळाचा मुख्य. त्याने सही केलेला एक कागद दिला की झालं. पुढे कोणीतरी माझा जबाब मला वाचून दाखवला. त्यात जीप ताफ्यात होती असं लिहिलं होतं. मी तसं बोललेच नव्हते. पण अंगठा माझा होता.

आम्ही अकरा दिवस तळाच्या रस्त्यावर बसलो. आमचं एकच मागणं होतं, पाहुण्याचा न्याय इथे झाला पाहिजे. आजूबाजूची सात गावं येऊन बसली. शेवटी दिल्लीहून माणसं आली आणि करारात यंत्र आलं.

ते यंत्र नीट समजून घ्यायला हवं. पाहुण्यांकडे कवच नावाची वस्तू आधीपासून होती. गणवेशाच्या आत घालायचा पातळ अंगरखा, आणि त्याच्या कापडात कृत्रिम स्नायूंचे धागे विणलेले. मागून कोणी अंगावर आलं, काही उडत आलं, तर माणसाला कळायच्या आधी कवचाला कळतं आणि ते त्याचं अंग स्वतः हलवतं. माणूस वाचावा म्हणून. आता अशा वेळी हात हलला, तर तो हलवला कोणी?

ते सांगण्यासाठी दुसरी वस्तू आणली, हेतुनोंद. कानामागे चिकटवायची नखाएवढी पट्टी. आपण स्वतःहून हात उचलतो तेव्हा त्याच्या अर्धा-पाऊण सेकंद आधीपासून मेंदूत तयारी चालू झालेली असते. किनाऱ्यावरून होडी लोटायची असते तेव्हा माणसं आधी वाळूत पाय रोवतात, दम धरतात. होडी तसूभर हललेली नसते, पण लांबून बघणाऱ्याला कळतं, आता लोटणार. ही पट्टी डोक्यातलं ते पाय रोवणं बघते आणि वेळेसकट टिपून ठेवते. दचकून हात उडाला तर आधी अशी तयारी नसते.

मग करार असा झाला: हालचालीचा उगम माणसाच्या मनात असेल, तर ती माणसाची, न्याय आपल्या कोर्टात. उगम कवचात असेल, तर ती हुकमाची, न्याय त्यांच्या देशात. तळाच्या मुख्याच्या सहीला काही किंमत राहिली नाही. आणि पट्टी काढून कोणी गुन्हा करू नये म्हणून आमच्या बाजूने अट घातली, की तळाबाहेर पाऊल टाकताना, सुट्टी असली तरी, कवच आणि पट्टी अंगावर पाहिजेच. त्या दिवशी आम्ही पेढे वाटले.

मी मात्र त्या अंगठ्यानंतर ठरवलं, की न वाचता कशावर काही उमटवायचं नाही. छप्पन्नाव्या वर्षी मी सामंत बाईंच्या संध्याकाळच्या वर्गात जाऊन बसले. शाळेतल्या त्या एकाच खोलीत बाई आम्हा बायकांना अक्षरं शिकवत आणि हौस असलेल्या पाहुण्यांना मराठी. माझ्या बाकावर योनास आला. सव्वीस वर्षांचा, उंच, नाकावर उन्हाने सोललेली कातडी.

“काकी,” तो दुसऱ्याच आठवड्यात म्हणाला, “हा ळ मला फार त्रास देतो.”

“तो तुझ्या जिभेर येणा नाय, माझ्या हातात येणा नाय,” मी म्हटलं. “दोघांनी मिळान काढूया.”

त्याचं मराठी पुस्तकातलं. तो मला आपण म्हणायचा. “आपण आज काय भक्षण केलंत?” असं त्याने एकदा विचारलं तेव्हा मागच्या बाकावरच्या बायका हसून लोळल्या.

त्याच वर्गात एक गोष्ट झाली. बाई मागून आल्या आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ताडकन त्याचं अंग ताठ झालं आणि बाकाची पाठ मोडली. बाईंना काही लागलं नाही. तो पांढराफटक पडला होता. “मी नाही,” तो म्हणाला. “कवच.” मी ते लक्षात ठेवलं. मागून हात लागला की हा दचकतो, एवढंच मी लक्षात ठेवलं.

मिहीरने त्याला रापणीवर आणला. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडीने ते समुद्रात अर्धगोल टाकायचं आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या चाळीस-पन्नास माणसांनी वाळूत पाय रोवून ओढायच्या. आमचा जुना नेम आहे, दोरीला हात लावील त्याला मासळीचा वाटा. मग तो कोणी का असेना. योनास सुट्टीच्या दिवशी पहाटे येऊन ओढायचा आणि आपला वाटा हर्षदाच्या टोपलीत टाकायचा. ती त्याला जेवायला बसवायची. तिखटाने त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं.

“पाहुण्यानु, रडतास कित्याक?” ती विचारायची. “गावाची याद येता?”

“नाही हर्षदाकाकी. आपल्या गावाची येते. आत्ता, पोटात.”

मिहीर ठसका लागेपर्यंत हसायचा.

आमच्याकडे मोसमाची शेवटची रापण असते त्या दिवशी बुडवणी करतात. ज्याने पहिल्यांदा पुरा मोसम दोरी ओढली, त्याला मागून धावत जाऊन उचलायचं आणि कपड्यांसकट समुद्रात टाकायचं. बुडाला की तो रापणीचा झाला. मात्र त्याला आधी कळता कामा नये. तोच त्यातला खेळ. मिहीरला सतराव्या वर्षी बुडवलं होतं, आणि तेव्हा मी त्याला एक शब्द बोलले नव्हते.

त्या वर्षी योनासची पाळी होती. पोरं आठ दिवस कुजबुजत होती. माझ्या डोळ्यांपुढे तो मोडलेला बाक येत होता. मोसमाच्या शेवटच्या सकाळी मी त्याला पाण्याचा तांब्या द्यायच्या निमित्ताने बाजूला बोलावलं.

“आज तुका बुडवतले,” मी सांगितलं. “मागसून येतले. घाबरा नको, दचका नको. खेळ आसा.”

तो हसला. “कोण? मिहीर?”

“तोच पुढे असतलो.”

“मग मी त्याला एकटा सोडणार नाही. तो आला की मी वळेन, मिठी मारेन, आणि दोघेही पाण्यात.”

“कर काय ता कर. पण मी सांगलंय असा म्हणा नको हां. माका कोणी सोडूचे नाय.”

मी खुशीत परत गेले. वाटलं, एक काळजी मिटली.

जाळं वर आलं. बांगडा भरपूर होता. माणसं वाकली, ओरडा चालला होता, लाटांचा आवाज होता. मिहीर आणि आणखी दोघे मागून धावले. योनास वळला. त्याचा उजवा हात रुंद फिरला. मी नीट बघितलं, मूठ नव्हती, पंजा उघडा होता. तो हात मिहीरच्या छातीवर बसला आणि मिहीर मागे फेकला गेला, दोन माणसांच्या लांबीएवढा. तिथे होडी ओढून ठेवली होती. मान तिच्या टोकावर आपटली. तो पुन्हा हलला नाही.

काही पोरं अजून हसत होती. त्यांना वाटलं, खेळ उलटला. योनास गुडघ्यांवर बसून अंगातलं कवच ओरबाडत होता, पण ते निघत नव्हतं. एकदा चालल्यावर ते आवळून बसतं. हर्षदा मासळी निवडत होती. ती आली तेव्हा तिच्या हातात टोपली होती, आणि ती टोपली तिने खाली ठेवलीच नाही.

आमचे हवालदार आणि तळाची गाडी एकदमच पोचली.

“हो आमचो आरोपी,” हवालदार म्हणाले.

“तो आमचा सैनिक आहे,” तळाचा अधिकारी म्हणाला. त्यालाही मराठी येत होतं. “कोणाचा ते पट्टी सांगेल.”

पोरगं वाळूत पडलं होतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन देश उभे होते.

नऊ दिवसांनी पट्टी वाचली. मिहीरचा हात त्याला लागण्याच्या सहाशे वीस मिलिसेकंद आधी, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून जास्त आधी, योनासच्या मेंदूत वळण्याची आणि हात फिरवण्याची तयारी सुरू झाली होती. उगम मनात. माणूस आमचा, कोर्ट आमचं. गावात फटाके वाजले. हर्षदाने ऐकलं आणि म्हणाली, “आता बघतंय मी.” एवढंच. तिला त्याने दिलेले वाटे आठवत असतील की नाही, मी विचारलं नाही.

जिल्ह्याच्या कोर्टात डॉक्टर मोकाशी साक्षीला आल्या. मेंदूचा अभ्यास करणाऱ्या, पन्नाशीच्या, सावकाश बोलणाऱ्या बाई. त्यांनी न्यायाधीशांना जे समजावलं ते मी शब्द न् शब्द ऐकलं.

“कवच दोन रीतींनी वागतं,” त्या म्हणाल्या. “मागून धोका आला आणि माणूस बेसावध असेल, तर कवच फक्त ताठ होतं, ढालीसारखं. येणारा त्याच्यावर आपटतो, त्याला मुका मार बसतो. पण धोका आला त्या क्षणी माणूस स्वतःच काही करायच्या तयारीत असेल, तर कवच ती तयारी उचलतं आणि त्यात आपली ताकद घालतं. इथे तसं झालं. हात फिरवायची तयारी माणसाची. त्यातली ताकद म्हणाल, तर आठातला एक भाग माणसाचा, सात कवचाचे.”

“करार ताकद विचारत नाही, उगम विचारतो,” सरकारी वकील नाईक म्हणाले.

“हो. म्हणून मी उगमाचंच सांगते. मला एक कळत नाही. स्पर्शाच्या इतक्या आधी तयारी कशी? लाटांच्या आवाजात, ओल्या वाळूत पावलं ऐकू येणं कठीण आहे. त्याला आधी कोणी सांगितलं होतं का?”

मी बसल्या जागी हिशेब मांडला. बेसावध असता तर कवच फक्त ताठ झालं असतं. बाकाची पाठ मोडली होती तसं. मिहीरचा खांदा दुखावला असता. तो दुसऱ्या दिवशी तक्रार करत उठला असता. मी योनासला सावध केलं, म्हणून त्याच्या मनात तयारी होती. तयारी होती, म्हणून कवचाने हात फिरवला.

जेवणाच्या सुट्टीत नाईक वकिलांनी गावकऱ्यांना बाहेर उभं करून बजावलं. “आधी कोणी सांगितलं असेल तर सगळं उलटं फिरेल. मग त्याची तयारी खेळाची ठरते आणि फटका कवचाने चुकून ओळखल्याचा. हेतू एक, हालचाल वेगळी, म्हणजे करारात ती कवचाची. खटला त्यांच्या देशात. आठ दिवसांत तो विमानात बसेल, मेस्तांच्या वेळी झालं तसं. कोणी काही सांगितलं होतं काय?”

सगळे एकदम म्हणाले, नाय. बुडवणीचं आधी सांगत नाहीत, हे शेंबडं पोरही जाणतं. मी गप्प राहिले, आणि त्या ओरड्यात माझं गप्प राहणं कोणाला ऐकू आलं नाही.

दुपारी न्यायाधीशांनी योनासला थेट विचारलं. हर्षदाने माझा हात घट्ट धरला होता. 

“तुम्हाला आधी कोणी सांगितलं होतं?”

त्याचा वकील पुढे झुकला. योनास समोरच्या भिंतीकडे बघत होता. माझ्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

“कोणीही नाही,” तो म्हणाला. “मला पावलांचा आवाज आला.”

उठायला माझ्यापाशी तेवढा एक क्षण होता. हर्षदाचा हात माझ्या हातावर होता. मी तो सोडवला नाही.

पाच वर्षांची शिक्षा झाली. पाहुण्याचा न्याय पहिल्यांदा इथे झाला. वर्तमानपत्रांनी त्याला वेळकोंड निकाल म्हटलं. हर्षदाने मिहीरच्या फोटोपुढे दिवा लावला आणि त्या दिवशी ती चौदा महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवली. मी वाढत होते.

शिक्षेच्या दुसऱ्या वर्षी मी त्याला भेटायला तुरुंगात गेले. घरी सांगितलं, दाताच्या डॉक्टरकडे जाते. काचेपलीकडे योनास बसला. केस बारीक कापलेले, नाकाची कातडी आता सोललेली नव्हती.

“आपण कशा आहात, काकी?”

“आपण नको म्हणू माका. खोटा कित्याक बोललंस?”

तो शब्द जुळवत बोलला. “माझा वकील म्हणाला होता, कोणी सांगितलं होतं एवढंच म्हण, मी तुला घरी नेतो. पण घरी न्यायालय नसतं. समिती असते. समिती कवच तपासते आणि सैनिकाला नवं कवच देते. तिथे मिहीरचं नाव कोणी घेतलं नसतं.” मग तो म्हणाला, “आणि इथे आपलं नाव सगळ्यांनी घेतलं असतं.”

“मी जावन सांगतंय कोर्टाक. आजच.”

“नको. हर्षदाकाकींना राग धरायला एक माणूस पाहिजे. मी ठीक आहे त्याला. हात माझाच होता ना?”

मी रडले, आणि घरी आले. येताना एसटीत बसून स्वतःला सांगत राहिले, की त्यानेच नको म्हटलं. त्याच्या भल्यासाठी त्याचं ऐकलं असं मी म्हणत होते. खरं तर ते नको मलाच हवं होतं. तेवढ्यासाठीच मी इतक्या लांब गेले होते की काय, असं आता वाटतं. पुन्हा मी त्याला भेटायला गेले नाही.

चौथ्या वर्षी एका दुपारी डॉक्टर मोकाशी आमच्या दारात आल्या. हर्षदाने त्यांना ओळखलं, दारापुढच्या खळ्यात खुर्ची टाकली, चहा ठेवला. तिला त्यांच्याबद्दल आदर होता. त्यांच्या साक्षीने न्याय मिळाला होता.

“तुम्हाला ठाऊक असेल, आता कवच आपल्याकडेही आलं आहे,” मोकाशी बाई म्हणाल्या. “बंदरावरचे रखवालदार, पोलीस, खाजगी पहारेकरी. आपलीच पोरं. कवचाने कोणाला मारलं की कोर्ट वेळकोंड निकाल काढतं. तयारी आधी दिसली, म्हणजे हेतू होता. बारा जण त्यावर आत आहेत.” त्यांनी चहा हातात घेतला, पण प्यायल्या नाहीत. “ते माझं वाक्य आहे. आधी तयारी म्हणजे मन त्याचं. पण मनाची तयारी मिठी मारायची असली, दार उघडायची असली, तरी पट्टीत ती तशीच दिसते. मला ते तेव्हाही वाटत होतं. सिद्ध करायला माझ्याकडे एकही उदाहरण नाही. त्या मुलाला कोणी सांगितलं नव्हतं, हे मला पटत नाही. गावातल्या प्रत्येक घरी जाऊन विचारते आहे.”

“आमच्यात सांगणत नाय, बाई,” हर्षदा म्हणाली. “नेम आसा तसो.”

“मी सांगलंय,” मी म्हटलं.

इतकं सोपं होतं ते. दोन शब्द. चार वर्षं मी ते दोन शब्द घेऊन हिंडत होते.

मग बाकीचंही सांगितलं, तांब्यापासून तुरुंगातल्या काचेपर्यंत. बाई ऐकत होत्या. मी त्यांच्याकडे बघून बोलत होते, कारण दुसरीकडे बघायची हिंमत नव्हती. बोलणं संपलं तेव्हा हर्षदाने बाईंच्या हातातला गार झालेला चहा काढून घेतला, आत जाऊन दुसरा गरम करून आणला, त्यांच्यापुढे ठेवला, आणि टोपली घेऊन भर दुपारी किनाऱ्याकडे निघून गेली. त्या वेळी किनाऱ्यावर काही नसतं.

दुसऱ्या दिवशी तिने चूल वेगळी केली. घर तेच, पडवी तीच, शेगड्या दोन.

मी जबाब माझ्या हाताने लिहिला. तीन पानं झाली. कोणाला वाचून दाखवायला लागलं नाही, कोणाचा अंगठा लागला नाही. उच्च न्यायालयाने तो मान्य केला. वेळकोंड निकाल रद्द झाला. बारा खटले पुन्हा तपासायला गेले आणि आजपर्यंत चौघे सुटले आहेत. त्यांतल्या एकाची आई मला नारळ देऊन गेली. मी तो घेतला. नको म्हणायला मी कोण?

योनासचा खटला आमच्या कोर्टाच्या हद्दीतला नव्हताच, असं ठरलं. त्याला त्याच्या देशाच्या हवाली करायचं. पाच वर्षांपैकी तीन वर्षं अकरा महिने त्याने भोगले होते. माझ्या खरेपणाने त्याचे तेरा महिने वाचले. कोर्टात उठून उभी राहिले असते तर पाच वर्षं वाचली असती.

हवाली करायच्या दिवशी मी तुरुंगाच्या फाटकापाशी गेले. तळाची गाडी उभी होती. तो बाहेर आला, हातात कापडी पिशवी.

“आपण का सांगितलंत?” त्याने विचारलं. रागाने नाही.

“बारा पोरां होती.”

तो म्हणाला, “मग बरोबर केलंत.” गाडीतल्या अधिकाऱ्याने त्याला हाक मारली. तो थांबला. “पण इथे मी शिक्षा भोगत होतो, काकी. एक वर्ष राहिलं होतं, ते संपलं असतं. आता ती संपणार नाही, कारण ती नव्हतीच असं ते म्हणतात. मी म्हणे एका बिघडलेल्या यंत्राच्या आत होतो. एवढंच.”

तो गाडीत बसला आणि त्याने दार ओढून घेतलं. त्या संध्याकाळच्या विमानाने तो गेला. पुन्हा त्याचं पत्र नाही.

चार महिन्यांनी त्यांच्या समितीचा निर्णय आला. मराठीत केलेली एक प्रत आमच्या घरी पाठवली होती, मृताच्या कुटुंबासाठी म्हणून. एक पान. कवचाच्या आज्ञावलीत सुधारणा केल्याचं त्यात लिहिलं होतं. सैनिकाचा दोष नाही. प्रकरण बंद. मी ते तीन वेळा वाचलं. मिहीरचं नाव कुठे आहे ते शोधत होते. ‘स्थानिक व्यक्ती’ एवढंच होतं.

हर्षदा पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूत, बांगडे सुकत घालत होती. चूल वेगळी झाल्यापासून ती माझ्याशी बोलली नव्हती. मी जवळ जाऊन बसले आणि पान वाचून दाखवलं, मोठ्याने, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तिने हात थांबवून ऐकलं. वाचून झाल्यावर मी कागदाची घडी केली.

“वयनी,” ती म्हणाली, “एक विचारू?”

“विचार.”

“तेका सांगलंस, घाबरा नको म्हणान. परक्याक सांगलंस. मगे माझ्या झिलाक कित्याक नाय सांगलंस, की तेका म्हायत आसा म्हणान?”

या प्रश्नाची तयारी मी इतक्या वर्षांत केली नव्हती. कोर्टाने तो विचारला नव्हता, डॉक्टरांनी विचारला नव्हता, मी स्वतःही नाही. मिहीरच्या कानात एक शब्द टाकला असता, की योनासला ठाऊक आहे, तो वळणार आहे. तर मिहीर हसला असता आणि मागून धावलाच नसता.

“पाहुण्याची काळजी वाटली,” मी म्हटलं. “मिहीर आपलो. आपल्याक काय सांगूचा, असा वाटला.”

तिने मान हलवली, जशी ती बाजारात एखादा भाव ऐकून हलवते. मग ती बांगडे परतायला लागली. मीही दुसऱ्या टोकाकडून परतायला बसले. ऊन चढत होतं. एक एक बांगडा उलटत आम्ही दोघी मधल्या ओळीपाशी पोचलो, तेव्हा तिने हात झटकले, उठली, आणि उरलेली ओळ माझ्यावर टाकून घराकडे निघून गेली.